चार बोटं उजवीकडे

"सहाच्या सहा परत आल्या," रामसेवक भैयांनी पेट्या टेबलावर ठेवल्या. "सब दाएँ मार रही हैं. चार उँगल."

इकडे हिंदी मुलखात, नगरा गावातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये मी थर्मल अटॅचमेंटला रिंग बसवते, काच पुसते, पॅकिंग करते. थर्मल म्हणजे अंधारात अंगाची ऊब बघणारा कॅमेरा. रिंगने तो रायफलच्या दुर्बिणीच्या तोंडावर अडकवतात. दुर्बीण मग त्याच्या छोट्या पडद्यात बघते. कॅमेरा केसभर तिरका बसला, तरी गोळी भलतीकडे जाते.

भैयांनी सगळ्या पेट्या पुन्हा उघडल्या. एकेक कॅमेरा स्टँडवर लावून तपासला. सगळे बरोबर निघाले. फौजेच्या गोळीबाराच्या रेंजवर परत पाठवले, परत आले.

मालक भडकले. "रामसेवक, आँखें कमज़ोर हो गई हैं क्या? कल रेंज पर आख़िरी मौका है. नहीं बैठा तो कल से मत आना."

भैयांची अठरा वर्षांची नोकरी. मला काम त्यांनीच शिकवलं, चौथी पास म्हणून कधी हसले नाहीत.

मी कुणासमोर बोलत नाही. पण घरी भाकऱ्या थापतानाही तेच डोक्यात. स्टँडवर बरोबर, रायफलवर चूक. दोन्हीकडे फरक काय? स्टँडवर कॅमेरा खालून स्क्रूने बसतो. तिथे रिंग काढून ठेवतात. म्हणजे चूक कॅमेऱ्यात नाही, रिंगमध्ये. आणि रिंग बसवते मी.

सकाळी मालकांना म्हटलं, "मैं भी रेंज चलूँगी." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. मी पहिल्यांदाच काही मागत होते.

रेंजवर फौजेच्या सुभेदारजींनी तीन गोळ्या मारल्या. तिन्ही उजवीकडे, चार बोटं. मालक भैयांकडे वळले. मी तेवढ्यात रिंगची कळ सोडली आणि बोट आतून फिरवलं. एका जागी काहीतरी मऊ लागलं. लाल दोरा.

खंडेनवमीला आमच्या घरी हत्यारं, अवजारं पुजतात. त्या दिवशी पेट्या वर्कशॉपमध्येच होत्या. मी प्रत्येक रिंगला पूजेचा दोरा बांधला. पूजेचा दोरा कापायचा नसतो, आपोआप तुटू द्यायचा. लोंबणारं टोक वाईट दिसत होतं, म्हणून पॅकिंग करताना ते रिंगच्या आत खोचलं. सहाही रिंगांना, कळीच्या बाजूला. रिंग आवळली की तेवढीच बाजू उचलली जायची.

दोरा गुपचूप ओढून काढला असता तर कुणाला कळलंही नसतं. पण उरलेल्या पाच पेट्यांचं काय? आणि भैयांचं?

"गलती मेरी है," मी दोरा वर धरून म्हटलं. "भैया का काम सही था."

मालक काही बोलण्याआधी सुभेदारजी हसले. "धागा तो मैंने भी देखा था, दीदी. पूजा का था, हाथ कैसे लगाता?"

भैया हळूच म्हणाले, "मैंने भी देखा था. रिंग उतारते समय, दो बार."

मी नमस्कार करून दोरा सोडला, रिंग पुसली, पुन्हा आवळली. पुढच्या तीन गोळ्या मधोमध, एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील अशा.

परतताना मालक एवढंच म्हणाले, "रामसेवक, कल टाइम पर आना."

आता भैया कॅमेरा रायफलच्या दुर्बिणीवर रिंगसकट तपासतात. यंदा खंडेनवमीला दोरा मी पेटीच्या कडीला बांधला. टोक लोंबतं, वाईट दिसतं. लोंबू दे.