जिवंतपणी कोरलेलं नाव

जवाची पेज रटरटायला लागली होती. वेत्तियाने चार दाणे आणि चिमूटभर मीठ कोनाड्यातल्या घरदेवतांपुढे टाकलं, "आज एवढंच आहे हं," असं त्यांना सांगितलं, आणि पळी उचलली तोच दार वाजलं.

सुईणीला दाराच्या आवाजावरून माणूस कळतो. पहिलटकरणीचा नवरा दोन्ही मुठींनी दार बडवतो. पाचव्या खेपेचा एकदाच थाप मारून पायरीवर बसून राहतो. ही टकटक यातली नव्हती. बोटाच्या पेराने, सावकाश, बरोबर तीन वेळा. अशी टकटक फक्त सरकारी माणूस करतो.

दारात नगरसभेचा कारकून उभा होता, काखेत मेणाची पाटी घेऊन. त्याच्यामागे गवंड्यांचा मुकादम उर्सिओ, भुवयांपर्यंत चुन्याने माखलेला, मान खाली घालून.

"फुस्कुस कौलवाल्याची बायको वेत्तिया?"

"हो."

"जिवंत?"

वेत्तियाने एकदा स्वतःकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. "अजून पेज खायची आहे बाबा. खाऊन झाली की नक्की सांगते."

उर्सिओ मागून घाईघाईने म्हणाला, "मावशी, रागावू नका. दगडावर तसं कोरलंय ना, म्हणून विचारावं लागतं."

"आणि फुस्कुस?" कारकुनाने पाटीवर टाक टेकवला. "दगडाप्रमाणे तोही जिवंत आहे."

"मग त्यालाही विचारून या," वेत्तिया म्हणाली. "अकरा वर्षं झाली, मला काही तो उत्तर देत नाही."

हा दगड कोणता, हे तिला सांगावं लागलं नाही. पूर्वेच्या वेशीबाहेर हमरस्त्याच्या दोन्ही अंगांना थडगी आहेत, त्यांत तिच्या लेकीचं. ऑप्ताता सहा वर्षं, चार महिने, अकरा दिवस जगली. ती गेली तेव्हा फुस्कुस म्हणाला होता, "आपलं कोरून घ्यायला मागे आता कोण आहे? तिघांची नावं एकदमच घालू." सगळेच तसं करायचे. जो जिवंत असे त्याच्या नावाआधी जिवंतपणाचं एक अक्षर कोरायचं, आणि माणूस गेला की पाथरवटाने येऊन ते बदलायचं. पण मोठ्या साथीत फुस्कुस गेला त्याच आठवड्यात पाथरवटही गेला. दुसरा कोणी आला नाही. म्हणून दगडावर फुस्कुस अजून जिवंतच होता.

"काम काय आहे ते बोला," वेत्तिया म्हणाली.

कारकुनाने घसा साफ केला. उत्तरेचे लोक पुन्हा डोंगर उतरताहेत. पानगळीच्या आत भिंत उभी राहिली पाहिजे, वरून हुकूम आहे. खाणीतून दगड आणायला ना बैल उरले ना दिवस. तेव्हा रस्त्याकडेचे दगड भिंतीत जाणार. मेलेल्यांना कोण विचारतो? पण जिवंत माणसाच्या थडग्याला त्याच्या होकाराशिवाय हात लावता येत नाही, कायदा आहे. अख्ख्या ओळीत मालक अजून जिवंत असलेला दगड तिचा एकटीचाच निघाला होता.

"नाही," वेत्तिया म्हणाली.

"बाई, नीट विचार..."

"नाही म्हटलं ना. पण बघायला येते. माझा दगड आहे, मला बघू दे."

पेज तशीच झाकून ठेवून तिने काठी घेतली. उर्सिओने हात पुढे केला तो तिने झिडकारला आणि दहा पावलांवर गेल्यावर स्वतःहून धरला. तिच्या दोन्ही डोळ्यांवर पडदा आला होता. उजेड-अंधार कळायचा, माणसाची आकृती कळायची, चेहरा नाही.

रस्ता मात्र पायांना पाठ होता. सोळाव्या वर्षी ती याच रस्त्याने नवऱ्याच्या घरी आली, तेव्हा गावाला म्हणावी अशी भिंत नव्हती. असलेली जुनी भिंत लोकांनी कधीच घरांच्या पोटात घेतली होती. कुणाचा गोठा तिला टेकलेला, कुणाची चूल. भिंत भित्र्यांना लागते, असं सासू म्हणायची. सासूही सुईणच. तिच्या हाताखाली वेत्तिया शिकली, आणि पुढची चाळीस वर्षं प्रसूतीची खुर्ची डोक्यावर घेऊन गावभर हिंडली. तेव्हा एका रात्रीत दोन-दोन घरी जावं लागे. स्नानगृहाचा धूर दिवसभर दिसायचा, नदीच्या धक्क्यावर तेलाचे बुधले उतरायचे, आणि बाळ जमिनीवर ठेवून तिने बापाला विचारलं, "उचलतोस का?" की बाप हसत वाकून उचलायचा. उचललं की मूल त्याचं झालं.

मग साथ आली, गेली, पुन्हा आली. स्नानगृहाची भट्टी आधी एक दिवसाआड पेटायची, मग सणासुदीला, आता तिच्यात कुत्री वितात. आणि तिच्या प्रश्नावर बाप गप्प उभे राहू लागले. मागच्या हिवाळ्यात एकाने तर जमिनीवरच्या पोरीकडे बघितलंसुद्धा नाही, पाठ फिरवून निघून गेला. ती पोर वेत्तियाने दोन महिने सांभाळली आणि मग नदीपलीकडच्या एका मूल नसलेल्या बाईला दिली. असल्या गोष्टी ती कुणाला सांगत नसे.

वेशीबाहेर पोहोचताच तिला वारा लागला. इथे वारा कधी लागत नसे, दोन्हीकडे दगड उभे असायचे.

"सगळे काढलेत रे?"

"तुमचा सोडून," उर्सिओ म्हणाला.

ती चाचपडत पुढे गेली. हाताला लागला तेव्हा आधी तिने त्याचा माथा चोळला, पोराचं डोकं चोळावं तसा. मग बोटं खाली उतरली. वाचता तिला कधीच येत नव्हतं. पण सुईणीचे डोळे बोटांत असतात. पहिली ओळ तिची, दुसरी फुस्कुसची, तिसरी लेकीची. तिसऱ्या ओळीच्या सुरुवातीला गोल कडं, लेकीच्या नावाचं पहिलं अक्षर, ते बोटाने गिरवलं की झालं. दगडाच्या पायाशी मातीची नळी होती, थडग्यात खाली गेलेली. दर फेब्रुवारीत, पितरांच्या दिवसांत, ती त्यातून दूध, मध आणि थोडी वाइन सोडायची. ऑप्तातासाठी मध जास्त.

"भिंत कुठून जाणार?"

"इथून वीस पावलं आत," उर्सिओ म्हणाला. "हे सगळं बाहेर राहील, मावशी."

"म्हणजे दगड ठेवला तरी फेब्रुवारीत मला इथे येता येणार नाही."

कारकून म्हणाला, "वेस बंद असेल. आणि ते आले तर बाहेरचं काय उरेल, सांगता येत नाही."

रस्त्यावरून एक गाडी करकरत गेली. मागे शेरडं, रडणारं एक पोर, आणि भांड्यांचा आवाज. सकाळपासून अशा गाड्या आत चालल्या होत्या. डोंगराकडच्या वाड्यांमधले लोक.

वेत्तिया दगडाला टेकून बसली. "उर्सिओ, तू पायाळू होतास, माहीत आहे ना?"

"मावशी, दर वेळी सांगता. गवंडीसुद्धा मला पायाळू म्हणतात."

"म्हणू देत. आधी उजवा पाय बाहेर आला. तुझी आई म्हणाली, सोडा, मला तरी वाचवा. मी म्हटलं, गप्प बस, दोघंही राहाल." मग तिने विचारलं, "तुझ्या बायकोला कितवा?"

"आठवा लागला." त्याचा आवाज एकदम खाली गेला. "मावशी, बाळ फार वर आहे म्हणते ती. रात्रीची झोपत नाही. आणि भिंत इथे अजून कंबरेएवढीच आहे. मोठा दगड मिळत नाही म्हणून भिंतीचा हाच तुकडा राहिलाय. मी तुम्हाला विचारायला येणार नव्हतो. यांनी आणलं."

"कळलं मला. दारातच कळलं. तू कधी खाली मान घालून उभा राहत नाहीस."

कारकून पाटी वाजवू लागला. वेत्तियाने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. नळीच्या तोंडाशी तिने हात ठेवला. आत गार होतं. मग ती म्हणाली, "लिही. वेत्तिया, जिवंत, हो म्हणाली. आणि फुस्कुसचंही हो लिही. तो माझ्या शब्दाबाहेर नव्हता कधी."

टाक मेणावर सरसरला. कारकुनाला बहुधा उशीर होत होता. तो आभार मानून वेशीकडे निघूनही गेला.

उर्सिओ मात्र तिथेच उभा राहिला. "मी स्वतः बसवेन, मावशी. कुणा पोराच्या हाती देणार नाही. आजच."

"कसा बसवशील?"

"गुळगुळीत बाजू आत. चुन्याच्या पोटात. खडबडीत पाठ बाहेर. सगळे तसेच बसवतो, पटकन होतं."

"म्हणजे अक्षरं चुन्यात."

"हो," तो म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते त्यालाच उमगलं.

वेत्तिया काठी रोवून उठली. एक हात दगडाच्या तिसऱ्या ओळीवरच होता. "परवा तुझ्या बायकोला बघायला येते. बाळ वर असलं तर खाली कसं आणायचं ते मला ठाऊक आहे. त्याचं काही देऊ नकोस. मला एकच हवंय. अक्षरांची बाजू गावाकडे ठेव, आणि दगड इतक्याच उंचीवर बसव, की माझा हात पोहोचेल."