राखणीचा नारळ

मी चौथी शिकलेली. पुढचं वाचन वर्तमानपत्रांनी शिकवलं, तेही वाणसामानाला गुंडाळून आलेल्या. आता रोज दुपारी राहनाळला आमच्या ओट्यावर चारदोन बायका जमतात आणि मी त्यांना जगाच्या बातम्या वाचून दाखवते. बड्या देशांवर माझा भारी राग. कुणाच्या तेलावर डोळा, कुणाच्या बंदरावर! मी म्हणते, "अगं, परका साहेब एकटा काय करील? त्याला दार उघडून द्यायला घरचाच माणूस लागतो." बायका माना डोलावतात. माझी धाकटी जाऊ मात्र हल्ली डोलावत नाही.

त्याचं असं झालं. आमचं दोघींचं सामायिक शेत, ते एका परदेशी कंपनीच्या गोदामाला भाड्यानं दिलंय. जाऊ तयार नव्हती. शेताच्या कोपऱ्यात आमच्या राखणदाराचा, म्हणजे शेत राखणाऱ्या देवाचा, शेंदरी दगड. भात कापायच्या आधी त्याला नारळ फोडायचा, राखण द्यायची, हा मान धाकट्या घराचा. मीच तिची समजूत घातली, "कुंपण पडलं तरी आपल्याला कोण अडवतंय?"

भात गेलं, तरी राखण चालू ठेवली. यंदा दसरा झाल्यावर दोघी गेलो, तर गेटवर नवा वॉचमन.

"माताजी, अंदर एक ही जाएगा. जिसका पास है."

पास माझा. कंपनीशी बोलणं-चालणं मीच करते ना! मॅनेजरला फोन लावला. तो गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, तुम्ही या, पण दुसरं कुणी नको. सेफ्टीचा नियम आहे, वरून आलाय." वरून म्हणजे समुद्रापलीकडून. आमच्या दगडाला कोणी भेटायचं ते आता तिकडं ठरतं.

जाऊ म्हणाली, "सांग ना त्याला, जमीन आपली हाय. मान माझा हाय."

माझ्या अगदी तोंडाशी आलं होतं. ओट्यावर मी महासत्तांना दम देणारी! पण माझा नातू त्याच गोदामात कामाला. उगाच त्याच्यावर यायचं. मी म्हटलं, "या खेपेला मी फोडून येते. नारळ फुटल्याशी मतलब."

तिनं नारळ माझ्या हातात ठेवला. "राखणदारावरच राखण बसवलीस गं बाय," एवढंच बोलली.

मला पिवळं जाकीट चढवलं, डोक्यावर टोपी. ट्रकांच्या मधून दगडापाशी गेले. नारळ काही केल्या फुटेना. फुटला तेव्हा हात जोडले, पण काय मागायचं ते सुचेना. बाहेर आले तर जाऊ निघून गेली होती.

दोन दिवसांनी ती ओट्यावर आली, नेहमीसारखी खांबाला टेकून बसली. मी एका छोट्या देशाची बातमी वाचत होते. तिथल्या राजानं आपलं बंदर बड्या देशाच्या फौजेला दिलं होतं.

एकीनं विचारलं, "मग त्या राजाला काय गावलं?"

जाऊ म्हणाली, "गावलं असंल पिवळं जाकीट."

बायकांना काही कळलं नाही, पण हसल्या. मीसुद्धा हसले, आणि पुढची ओळ वाचायला गेले तर अक्षर लागेना. नारळाची तिच्या वाटणीची वाटी अजून माझ्या देव्हाऱ्यात आहे. मधे एकच भिंत आहे आमच्या घरांत, पण ती द्यायला माझं पाऊल उचलत नाही.