फुगलेल्या बॉक्सचा तपास

तमाम वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, सोलापूरच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात, सकाळी अकरा वाजता, टॉवेलचा एक बॉक्स माझ्या डोळ्यांदेखत पडला. कृपया हसू नये. पाठोपाठ दुसराही पडला.

मी पॅलेटायझर बसवून देणारा सर्व्हिस इंजिनिअर. पॅलेट म्हणजे माल ठेवायचा लाकडी पाट. त्यावर बॉक्सचे थर रचते ती ही मशीन. तिच्या हाताला रबरी वाट्या असतात. त्या हवा ओढून बॉक्सला वरून चिकटतात. सोमवारच्या ट्रायलला एकही बॉक्स सुटला नव्हता. आज गुरुवार, फायनल ट्रायल, आणि माझी मशीन बोरीचं झाड हलवल्यासारखे बॉक्स सांडत होती.

"चारपर्यंत नीट चालली तर ठेवतो," कारखान्याचे मालक म्हणाले. "नाहीतर गाडी बोलवा आणि न्या परत."

वीस वर्षांत माझी एकही मशीन परत आलेली नाही. मी पंप उघडला. फिल्टर साफ केला. वाट्या नव्या घातल्या. धप्प!

मग पडलेल्या बॉक्सवर हात फिरवला. वरची बाजू पुरीसारखी टम्म. आतले टॉवेल उसळी मारत होते. अशा फुगीर पाठीवर वाटी पुरती टेकत नाही. कडेने हवा शिरते, पकड सुटते. पण सोमवारीही हेच टॉवेल होते, हेच बॉक्स होते!

सिद्धप्पा, इथला सगळ्यात जुना लोडर, सकाळपासून खांबाला टेकून माझी गंमत बघत होता.

"सिद्धप्पा, सोमवारी बॉक्स सपाट होते ना?"

"व्हय. तवा आमी बसत हुतो की."

"कशावर?"

"बॉक्सवर. टेप मारली की वर दाबून बसायचं, मगच उचलायचा. मंगळवारी मालकांनी बोर्ड लावला."

भिंतीवर ताजा बोर्ड होता : बॉक्सवर बसू नये.

"अरे, मग सकाळीच सांगायचंस!"

"तुमी पंपाचं इचारत हुता, सायेब. पंपातलं मला काय कळतंय?"

मी मालकांना गाठून बोर्ड काढायला सांगितलं. ते उखडले. "आता मशीन आली. बाहेरची पार्टी बघायला येणार. मालावर माणसं बसलेली दाखवू?"

"एकदा तुम्हीच बसून बघा."

मालक देहाने भारदस्त. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पँट सावरली आणि बसले. बॉक्सने फुस्स करून श्वास सोडला. मशीनने तो अलगद उचलला आणि पॅलेटवर ठेवला. मालक खुलले. दुसऱ्यावर बसले. तिसऱ्यावरही. एकही पडला नाही.

मशीन राहिली. पुढे मी कन्व्हेयरवर, म्हणजे बॉक्स आणणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर, बॉक्स दाबणारी लोखंडी प्लेट बसवून दिली. धडा एवढाच : माणसाचं काम मशीनला देण्याआधी तो माणूस नेमकं काय काय करतो, ते त्यालाच विचारावं.

पण त्या दुपारी प्लेट कुठली? चौथा बॉक्स झाल्यावर मालक घाम पुसत ऑफिसकडे वळले, तसा सिद्धप्पा सगळ्यांदेखत ओरडला,

"मालक, निगाला कुटं? अजून साठ बॉक्स हायती की!"