गटारीला गूळ घालणारा मीरासाब

गावची गटारगंगा जिथं संपते तिथं मीरासाबचं राज्य सुरू होतं. सिमेंटच्या तीन टाक्या, घरघरत हवा सोडणारा ब्लोअर आणि एक प्लास्टिकची खुर्ची. ग्रामपंचायतीनं सांडपाण्याचा प्रकल्प उभारला तेव्हा तिथं कामाला यायला कुणी तयार होईना. गावाची घाण राखत कोण बसणार? मीरासाब गेला, तोही आपणहून. कारण गटारीचं पाणी ओढ्याला, ओढा नदीला, आणि तिथून कोसभर खाली त्याच्या लेकीचं, फरहीनचं सासर. लग्नानंतरच्या दोन वर्षांत तिला दोनदा कावीळ झाली होती. तिच्या गावचे नळ त्याच नदीवर. तिथल्या पाण्याच्या टाकीत औषध टाकलं तर टाकलं, नाहीतर रामभरोसे.

सांडपाण्यातली घाण जंतू खातात. त्यांना हवा लागते, खाणं लागतं. सुरुवातीला ते जगवायला मीरासाबनं टाकीत म्हशीचं शेण कालवलं, गुऱ्हाळावरून काळा गूळ आणून घातला. गाव पोट धरून हसलं. "मीरासाब, गटारीला गूळ चारतोयस व्हय? आता वर तूपबी वाढ की." तो मनावर घ्यायचा नाही. रोज सकाळी काचेच्या उंच भांड्यात टाकीतलं पाणी भरून ठेवायचा आणि शेजारी चहा पीत बसायचा. अर्ध्या तासात तपकिरी गाळ तळाला जायचा, वर नितळ पाणी राहायचं. ते बघून त्याला लेक सुखात असल्यासारखं वाटायचं. चार वर्षांत फरहीनला पुन्हा कावीळ झाली नाही. गेल्या वर्षी तिला मुलगा झाला, खिजर. तेव्हा हा छाती फुगवून लेकीला म्हणाला, "आता पाणी उकळत बसू नगंस. वर तुझा बाप बसलाय."

यंदा स्वच्छ गावाच्या बक्षिसासाठी समिती येणार होती. सरपंच उदयसिंह तसा वाईट माणूस नव्हे. पण पाहुणे येणार म्हटलं की आपल्याकडं स्वच्छता म्हणजे वास घालवणं. त्यानं पहाटेच गल्लोगल्ली फिनेल आणि ॲसिडचे कॅन गटारीत ओतायला लावले. मीरासाबला कुणी सांगितलं नाही, सांगायचं सुचलंच नाही. कळलं असतं तर त्यानं टाकीच्या तोंडाचं लोखंडी दार खाली सोडून ते पाणी बाहेरच अडवलं असतं. सकाळी तो आला तेव्हा टाकीवर पांढरा फेस चढला होता आणि दवाखान्यासारखा वास सुटला होता. भांडं भरून ठेवलं. अर्धा तास झाला, तास झाला, गाळ बसेना. पाणी ताकासारखं गढूळ.

चार वर्षं पोसलेलं जित्राब एका सकाळीत मेलं होतं.

समिती आली, तिनं नाक वर करून हुंगलं आणि ती खूश झाली. मीरासाबच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. त्यानं सरपंचाला बाजूला घेतलं. "सरकार, फिनेलनं टाकी मेली."

"आरं, वास तर न्हाई की," उदयसिंह म्हणाला. "बघू म्होरल्या आठवड्यात."

आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय, बोलायचं कुणाला?

मग पुन्हा शेण, पुन्हा गूळ. नव्यानं जीव धरायला महिना तरी जातो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. लेकीला फोन करावा, पाणी उकळ म्हणावं, असं रोज मनात यायचं. पण कोणत्या तोंडानं? उद्या गाळ बसेल, मग सांगायची वेळच यायची नाही, अशी तो स्वतःचीच समजूत घालायचा. माणूस अब्रूपायी काय काय झाकतो, आणि तेही पोटच्या पोरीपासून.

नवव्या दिवशीही भांड्यातलं पाणी गढूळच राहिलं. तेव्हा त्यानं फोन लावला.

"फरहीन, पाणी उकळून पी बाई. पोरालाबी उकळूनच दे."

ती म्हणाली, "अब्बा, खिजरला परवाधरनं जुलाब लागल्यात. दवाखान्यात सलाईन लावलीया. डॉक्टरनं इचारलं, पाणी कुठलं पाजता. म्या म्हटलं, पाण्याची काळजी न्हाई, ते आमचं अब्बा बघत्यात."

मीरासाबनं समोरचं गढूळ भांडं टाकीत रिकामं केलं.

"कवाधरनं उकळायला पायजे हुतं, अब्बा?" तिनं विचारलं.

"नऊ दिस झालं," तो म्हणाला.