पेनड्राइव्ह निघेना

कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात मी अडकले होते. प्रोजेक्टच्या प्रिंट हातात देऊन दुकानवाले काका म्हणाले, "पेनड्राइव्ह काढून घे तुझा," आणि झेरॉक्स मशीनकडे वळले. मी कॉम्प्युटरवर 'इजेक्ट' म्हटलं. उत्तर आलं, हे उपकरण वापरात आहे.

सरांना पाचच्या आत प्रिंट आणि फाईल दोन्ही द्यायच्या होत्या, आणि फाईल फक्त त्या पेनड्राइव्हवर होती. लॅबमध्ये टाईप केलेलं स्वतःला मेल करून ठेवावं, हे मला सुचलंच नव्हतं.

पेनड्राइव्ह दाजींचा. ते पाचोडला जाणारी प्रवासी जीप चालवतात आणि गाणं चालू असतानाच तो उपसून काढतात. त्यांना कधी काही झालं नाही. पण माझ्या मैत्रिणीनं तसाच ओढला, तर तिच्या सगळ्या फाईली गेल्या होत्या.

"ओढ ना ताई, आमाला बी प्रिंट काढायच्यात," मागचा मुलगा म्हणाला.

"मुहूर्त बघू राहिली ती," त्याच्या दोस्तानं जोडून दिलं.

मी फाईल बंद केली, फोल्डर बंद केलं. उत्तर तेच. मग स्पीकरवर मघापासून वाजणाऱ्या गाण्याकडे लक्ष गेलं. ते दाजींच्या जीपमधलं होतं. काकांनी माझ्याच पेनड्राइव्हमधून लावलं होतं आणि कागद जुळवताना मान डोलवत होते.

बंद करा म्हणायचं कसं? त्यांच्या दुकानात, त्यांच्या वयाच्या माणसाला? हे संपलं की सांगू, असं ठरवलं. ते संपलं आणि लगेच दुसरं सुरू झालं.

पाच वाजत आले होते. "काका, ते गाणं... माझ्या पेनड्राइव्हमधलं आहे. त्याच्यामुळं निघंना."

"अगं, मग बोलायचं ना. मला वाटलं, तू बी ऐकायलीस." त्यांनी गाणं बंद केलं. "कलेक्शन लई भारी हाय पण."

पेनड्राइव्ह निघाला. मी धावत सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांच्या कॉम्प्युटरवर फाईल उघडली तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला.

"ठीक आहे, जा," सर स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले.

मी गेले नाही. पेनड्राइव्ह त्यांच्या कॉम्प्युटरला होता, आणि तो काढून द्या, तेही नीट काढून द्या, हे सरांना कसं सांगायचं ते मला कळत नव्हतं.