नापास आवाज

माझ्या नणंदेला, म्हणजे ताईंना, काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात सगळे ‘नापास बाई’ म्हणायचे. कामच तसं होतं. पांढऱ्या उजेडाच्या पडद्यासमोरून पट्ट्यावरच्या बाटल्या सरकत जायच्या आणि ताई स्टुलावर बसून त्या नजरेखालून घालायच्या. केसाएवढा तडा दिसला, गळ्यापाशी बुडबुडा दिसला की हात पुढे जायचा आणि तोंडातून “नापास!” निघायचं. यंत्रांच्या खडखडाटातसुद्धा तो आवाज भट्टीवरच्या माणसांना ऐकू जायचा. तिथले लोक म्हणायचे, बाईंच्या डोळ्यांना चष्मा लागला तरी चालेल, गळ्याला काही होऊ देऊ नका.

आणि झालं ते नेमकं गळ्यालाच.

पण त्याआधी कारखान्याचा एक नियम सांगायला हवा. नापास बाटली टेबलावर ठेवायची नाही. ती लगेच पेटीत टाकायची, आणि पाळी संपण्याआधी पेटीतल्या मालाचा चुरा करून तो भट्टीत ढकलायचा. पेटीत पडून राहिलेली बाटली कुणीतरी हळूच उचलून पुन्हा पट्ट्यावर ठेवतं आणि ती पुढे कुणाच्या तरी हातात फुटते. ताईंनी हे एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं. मालकाच्या मेहुण्यानंच ते केलं होतं, आणि ताईंनी त्याला सगळ्यांसमोर असं फैलावर घेतलं की तो नंतर पट्ट्याच्या त्या बाजूला फिरकला नाही. नापास म्हणजे नापास, त्यावर दयामाया नाही, ही ताईंची आयुष्यभराची सवय. पुढे जे घडलं त्याचं खापर सगळे ताईंच्या डोक्यावर फोडून मोकळे झाले. मला ते तेव्हाही सहन झालं नाही, आजही होत नाही. म्हणून हे सांगायला बसले आहे.

गळ्याचं दुखणं निघालं तेव्हा डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. ताईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं. नंतर दवाखान्याच्या जिन्यात मला म्हणाल्या, “ढमीशी फोनवर कशी बोलणार गं मी?” ढमी म्हणजे ताईंची एकुलती एक लेक. ती लग्न होऊन लांबच्या शहरात राहते. यजमान गेल्यापासून ताईंना तेवढीच. दर रविवारी तिचा फोन यायचा आणि ताई पहिलं वाक्य ठरलेलं बोलायच्या, “ढमे, जेवलीस का?” मग ती सकाळची वेळ असो की दुपारची.

माझा नवरा हा ताईंचा धाकटा भाऊ. ताई त्याला माठ्या म्हणतात, अगदी चारचौघांतसुद्धा. तो एका कंपनीत डेस्कटॉपवर चालणारी सॉफ्टवेअरं लिहितो, डब्यांवर चिकटवायची लेबलं छापणाऱ्या यंत्रांची. स्वभावानं इतका थंड की त्याच्या पायावर कपाट पडलं तरी तो आधी कपाटाला काही लागलं का बघेल. पण त्या दिवशी दवाखान्यातून आल्यावर त्यानं रजा टाकली आणि ताईंसाठी एक ॲप लिहायला घेतलं. नाव ठेवलं ‘बोलकी’. ऑपरेशनच्या आधी ताईंनी आपली वाक्यं आपल्याच आवाजात त्यात भरायची आणि नंतर हवं ते वाक्य निवडून बटण दाबायचं, की कॉम्प्युटर ताईंच्या आवाजात बोलणार.

ताई आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. त्यांच्या टेबलावर मायक्रोफोन आला, कानांवर हेडफोन चढला. प्रत्येक वाक्य बोलून झालं की ते पुन्हा ऐकायचं आणि दोनपैकी एक बटण दाबायचं. एक हिरवं, ‘चालेल’. दुसरं लाल, ‘नापास’. हे नाव अर्थातच ताईंनी द्यायला लावलं. ‘चालेल’ म्हटलेलं वाक्य ताईंच्या कॉम्प्युटरवर, ॲपच्याच पोटात साठायचं. ‘नापास’ झालेलं खाली आमच्या घरी नवऱ्याच्या मशिनवर यायचं, कारण आवाजात खरखर का आली, सुरुवात का तुटली हे त्याला तपासून दुरुस्त करायचं होतं.

ताईंनी स्वतःलाही बाटलीसारखंच तपासलं. जरा खोकला आला, नापास. दारावरची घंटा वाजली, नापास. मधेच हसू फुटलं, नापास. मी म्हटलं, “अहो ताई, इतकं काय! छान आलंय की.” तर म्हणाल्या, “माझा आवाज जन्मभर पुरवायचाय मला. तडा गेलेला माल नको.” असं करत करत रोजची बोलणी, शेजाऱ्यापाजाऱ्यांची नावं आणि अर्थातच “ढमे, जेवलीस का?” हे सगळं एकदम स्वच्छ, ठणठणीत आवाजात भरून झालं. मग ताई ऑपरेशनला गेल्या.

बोलकीनं ताईंना जगवलं असं मी म्हणते, डॉक्टरांना राग आला तर येऊ दे. भाजीवाल्याशी घासाघीस करायची तर ताई लॅपटॉप खिडकीत ठेवायच्या. रविवारी ढमीचा फोन आला की बटण दाबायच्या. तिकडून ती भडाभडा बोलत राहायची, इकडून ताई नेमकी वाक्यं निवडून तिला बरोबर गाठायच्या. ढमीला दिवस गेल्याची बातमी आली तेव्हा ताईंनी तिला लागोपाठ तीन वेळा “जेवलीस का?” विचारलं.

आणि मग कॉम्प्युटरच्या सिस्टिमचा तो अपडेट आला.

आपण मागितलेला नसतो, कुणी विचारलेलं नसतं. रात्री झोपताना मशीन चांगलं असतं आणि सकाळी उघडावं तर चिन्हांचे आकार बदललेले, फोल्डर भलतीकडे, आणि वर ‘स्वागत आहे’ म्हणून पाटी. आपल्याच घरात आपलं स्वागत! तेवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसले असते. ताई बोलकी उघडायला गेल्यावर एक खिडकी आली. तिच्यात लिहिलं होतं, ‘हे ॲप खराब झाले आहे. ते उघडता येणार नाही. ते कचरापेटीत टाकावे.’

ताईंनी ते टाकलं. आणि कचरापेटी लगेच रिकामी केली.

त्यानंतर खाली येऊन त्यांनी आपली लिहायची पाटी आमच्यासमोर धरली. “बोलकी खराब निघाली. टाकून दिली. नवी दे.” चेहऱ्यावर समाधान होतं, काम वेळेवर केल्याचं. नवऱ्यानं चहा पिता पिता नवी बोलकी वर नेऊन बसवली आणि उघडली. यादी कोरी. एकही वाक्य नाही. तो कप हातात धरून तसाच उभा राहिला. ताईंनी बटण दाबलं, परत दाबलं, मग आमच्याकडे बघितलं. मला त्यांच्या डोळ्यांत बघवेना.

आधी वाटलं, पुसलेलं परत मिळवून देणारे असतात. एक दुरुस्तीवाला घरी आला, त्यानं काय काय जोडून पाहिलं आणि मान हलवली. म्हणाला, या नव्या डिस्कमध्ये पुसलेलं खरंच पुसलं जातं. एवढ्यावर थांबायचं ना? पण जाता जाता ताईंकडे बघून शहाणपण शिकवलंच.

“मॅडम, बटण दाबायच्या आधी वाचत जा जरा.”

माझं डोकं सणकलं. “वाचूनच दाबलंय त्यांनी! तुमच्यासारखं न वाचता खिडकी बंद करून टाकली असती तर आज त्यांचा आवाज असता!”

ढमीचा नवरा फोनवर म्हणाला, आईंना बिचाऱ्यांना कॉम्प्युटरचं काय कळतंय. शेजारीण म्हणाली, वय झालं की होतं असं. अरे, वयाचा काय संबंध? खराब आहे असं त्या यंत्रानं सांगितलं, टाका असंही त्यानंच सांगितलं. ताईंनी जन्मभर केलं तेच केलं. खोटं कोण बोललं, आणि वेड्यात कोण निघालं!

मी त्या सिस्टिमवाल्या कंपनीच्या मदतकेंद्राशी बोलायला बसले. तिथे चॅटवर एक गोड माणूस होता, निदान माणूस आहे असं तो म्हणत होता. माझी गैरसोय झाल्याबद्दल त्याला खेद होता. मी लिहिलं, गैरसोय नाही, आवाज गेलाय. त्याला त्याबद्दलही खेद होता. शेवटी त्यानं कळवलं, ‘ॲपमधील मजकुरात मूळ सीलनंतर फेरफार आढळल्याने आपल्या सुरक्षिततेसाठी ही सूचना दाखवली गेली.’ आणि मग, या संवादाला किती तारे द्याल?

“फेरफार म्हणजे काय?” मी नवऱ्याला विचारलं. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसला होता.

“औषधाच्या बाटलीला सील असतं ना,” तो म्हणाला, “तसं मी प्रोग्रॅमलाही मारतो. माझ्या हातून निघाल्यावर आत काही घुसवलं गेलं, तर सील तुटलं असं धरतात. आधी सिस्टिमवाले हे फक्त पहिल्यांदा उघडताना बघायचे. या अपडेटपासून दर वेळी बघायला लागले.”

“मग आत कुणी काय घुसवलं?”

“मीच सोय केली होती. सगळं एकत्र राहावं, हरवू नये म्हणून रेकॉर्डिंग ॲपच्या आतच ठेवलं. आत फक्त ताईचा आवाज गेला होता.”

म्हणजे खराब काय झालं होतं, तर ताईंचा आवाज! प्रोग्रॅम धडधाकट होता, रेकॉर्डिंग शाबूत होतं. त्या दीडशहाण्या यंत्राच्या लेखी बिघाड होता तो म्हणजे माझ्या नणंदेचं “ढमे, जेवलीस का?” मी नवऱ्यालाही सोडलं नाही. दुनियेला बॅकअप घ्या म्हणून सांगत फिरतोस आणि बहिणीच्या आवाजाची दुसरी प्रत ठेवली नाहीस?

रविवार आला. फोन वाजला. ताईंनी तो उचलला, कानाला लावला आणि नुसत्या बसून राहिल्या. तिकडून ढमी “आई? आई?” करत होती. मी फोन घेऊन काहीबाही सांगितलं. ताई उठून आतल्या खोलीत गेल्या. त्या रडतात तेव्हा आवाज येत नाही, हे त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं.

त्या आठवड्यात नवरा ऑफिसातून आला की मशिनसमोर बसायचा. बोलकी नव्यानं लिहीत होता. सील आत, आवाज बाहेर वेगळ्या फोल्डरमध्ये, आणि त्याच्या प्रती तीन ठिकाणी. मी म्हटलं, “आवाज कुठला ठेवणार त्यात, माझा?” मग त्यानं भराभरा एक जुना फोल्डर उघडला.

नापास माल! तपासणीसाठी खाली आलेला सगळा नापास माल तिथे तसाच पडून होता. पुसायचा आळस केला होता त्यानं. आयुष्यात पहिल्यांदा मला त्याच्या आळशीपणाचं कौतुक वाटलं.

आम्ही ताईंना खाली बोलावलं आणि स्पीकर लावला. “माठ्या, लाल दिवा लागलाय का ते बघ आधी!” खोलीत ताईंचा आवाज घुमला आणि ताई खुर्चीतच दचकल्या. मग खोकला. मग अर्धवट नाव आणि हसू. “अगं ती घंटा वाजतेय, बघ ना कोण तडमडलंय.” शुद्ध, घोटीव वाक्य एकही नाही, सगळे तुकडे. ताईंनी तोंडावर हात धरला होता. नवरा एकेक फाइल वाजवत होता, आणि मग ती आली.

“ढमे, जेवलीस—” इथे आवाज चिरला. जरा शांतता. नाक ओढल्याचा आवाज. “—का? छे. नापास. रडका आलाय. टाक हा.”

नवऱ्यानं फाइल थांबवली. “ताई, शेवटचं कापतो मी. ‘छे’पासून पुढचं. मधली फटही बुजवता येईल, कळणारसुद्धा नाही.”

ताईंनी मान हलवली. नाही. फाइल पुन्हा वाजवायला लावली. डोळे मिटून, बाटली उजेडात धरल्यासारखी पूर्ण ऐकली. मग पुढे वाकून त्यांनी स्वतः बटण दाबलं. हिरवं.

म्हणून कुणी असं समजू नये की शेवट गोड झाला. ताईंनी जीव ओतून भरलेली वाक्यं गेली ती गेलीच, आणि ज्यांनी ती घालवली त्यांना ढिम्म पत्ता नाही.

रविवारी फोन वाजला. मी तो स्पीकरवर टाकला, ताईंनी बोलकी उघडली. “ढमे, जेवलीस—का? छे. नापास. रडका आलाय. टाक हा.”

तिकडून ढमीचा आवाज आला, तोही चिरलेला. “नाही गं आई. अजून जेवले नाही.”

ताईंचा हात पुढच्या वाक्याकडे जातच होता, तेवढ्यात स्क्रीनच्या मधोमध एक खिडकी येऊन बसली. ‘नवीन अपडेट तयार आहे.’ खाली दोन बटणं, ‘आत्ता’ आणि ‘थोड्या वेळाने’. ‘नको’ म्हणायची सोय नाही. मी तोंड उघडलंच होतं, पण ताईंनी मला हातानं थांबवलं. खिडकी बाजूला सारली, यादीत काहीतरी शोधलं आणि बटण दाबलं.

“अगं ती घंटा वाजतेय, बघ ना कोण तडमडलंय.”

ढमी रडता रडता हसायला लागली. “कोण आलंय गं आई?”

“कुणी नाही,” मी फोनजवळ जाऊन ओरडले, “त्याला आम्ही दारातच उभा ठेवणार आहोत!”