खंडेनवमीला कापलेलं अपेंडिक्स

उल्हासनगरच्या एका छोट्या लॅबमध्ये हरिचंद्र तीस वर्षं एकच काम करतो आहे. ऑपरेशनमध्ये काढलेला मांसाचा तुकडा मेणात बसवायचा, मायक्रोटोम नावाच्या मशीनवर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापायचा आणि काचेवर घ्यायचा. हात असा, की नवीन माणसं बघत राहतात. तोंड असं, की महिन्याभरात नोकरी सोडून जातात.

त्याचा बाप अंबरनाथला एका वर्कशॉपात लेथवर होता. एका खंडेनवमीला, हत्यारांची पूजा झाल्यावर, मालकाच्या घाईपायी त्याने मशीन चालू केलं आणि दोन बोटं गेली. तेव्हापासून त्यांच्या घरात त्या दिवशी कुणी विळीला हात लावत नाही. लॅबमध्येही हरिचंद्राने तोच नियम लावून दिला होता.

यंदा आदल्या दिवशी पूजेसाठी साफसफाई करताना त्याने नमुन्यांच्या जुन्या बाटल्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्यांत भरल्या. महिना झालेल्याच टाकायच्या असतात. याने तारखा बघितल्याच नाहीत. अंगात मिजास, दुसरं काय!

दुपारी लॅबमध्ये काचा तपासणाऱ्या डॉक्टर रिद्धी घाईघाईने आत आल्या. "काका, सरूबाईच्या अपेंडिक्सची बाटली कुठाय?"

सरू बारवी धरणाकडच्या पाड्यावरची, पन्नाशीची. वर्षभर तिचं पोट फुगत होतं. ऑपरेशनला उघडलं तर आत नुसती चिकट जेली. अंडाशयावर गाठ होती, म्हणून दोष अंडाशयाला लागला आणि गर्भाशयासकट ते काढून टाकलं. सोबत काढलेलं अपेंडिक्स वरून ठीक दिसलं, म्हणून त्याचा एकच काप तपासला गेला. उद्या बारा वाजता तिला अंडाशयाच्या कॅन्सरचं औषध सुरू होणार होतं.

"आतड्याच्या अस्तरात चिकट स्राव करणाऱ्या पेशी असतात," रिद्धी म्हणाल्या. "अपेंडिक्समधल्या त्या पेशी बिघडल्या, तर तेच फुटून पोटभर जेली पसरते. अंडाशयावर ती नुसती जाऊन बसते. तसं असेल तर उद्याचं औषध फुकट, वर त्रास. तिला दुसरंच ऑपरेशन लागेल. राहिलेलं सगळं अपेंडिक्स मला बघायचंय."

हरिचंद्राने खिडकीतून वाकून बघितलं. खाली कचऱ्याची गाडी लागली होती.

तो जिने उतरला, गाडीवाल्याशी भांडला आणि रस्त्याच्या कडेला चार पिशव्या उपसल्या. बाटल्यांतल्या फॉर्मालिनच्या उग्र वासाने डोळ्यांतून पाण्याच्या धारा. चौथ्या पिशवीत बाटली सापडली. झाकणाशी गळत होती, पण तुकडा शाबूत होता.

रात्रभर तुकडे मशीनमध्ये मेण पीत राहिले. सकाळी नऊला ते तयार होते आणि मायक्रोटोमवर झेंडूची माळ होती.

"दुसऱ्या लॅबला पाठवू या?" रिद्धींनी विचारलं.

"आज कोन उघडं असनार मॅडम?" तो खेकसला. त्याला भीती वाटत होती. बापाचा तो पंजा डोळ्यांसमोरून हलेना. मग त्याने माळ उचलून बाजूला ठेवली, पात्याला नमस्कार केला आणि चाक फिरवलं. पहिला काप फाटला. दुसरा सुरकुतला. तिसऱ्याला हात स्थिर झाला.

सव्वाअकराला रिद्धींनी मायक्रोस्कोपवरून डोळा काढला. "टोकाला आहे. अस्तर बिघडलंय, भिंत फुटलीय. सुरुवात इथूनच झाली."

त्यांनी आधी हॉस्पिटलला फोन करून औषध थांबवलं. मग सरूच्या नवऱ्याच्या फोनवर तिला सगळं समजावलं. स्पीकर चालू होता. 

"म्हंजी माजी कूस नव्हती नासली?" सरूने विचारलं.

"नाही बाई. ती चांगली होती."

"ती तर काढून टाकली ना." सरूचा आवाज फुटला. "पाड्यावर समदी बोलत व्हती, हिची कूसच वंगाळ. ह्यो माजा नवराबी बोलला. बाई, मी फोन त्याच्याकडं देतंय. त्याला आत्ता सांगा."

 हरिचंद्राने रिद्धींच्या हातातून फोन घेतला.

"दे त्याला," तो म्हणाला. "मी सांगतो."